वर्गाच्या दारापर्यंत

भोपाळच्या साकेतनगरात मराठी घरे मोजकीच आहेत. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात चाकरीसाठी जी कुटुंबे या शहरात आली, त्यांची आता तिसरी पिढी येथे नांदते आहे. घरात मराठी, जिन्यात हिंदी आणि शाळेत इंग्रजी असा तिचा त्रिभाषिक संसार असून गणपती आणि कोजागिरी या दोन निमित्तांनी तरी ती एकत्र जमते. गेल्या हिवाळ्यात या मंडळींनी तिसरे एक निमित्त काढले. ओळीने तीन रविवारी त्यांनी तीन चित्रपट दाखविले: ‘श्वास’, ‘स्पर्श’ आणि ‘तारे ज़मीन पर’. पहिला मराठी, पुढचे दोन हिंदी. परंतु ‘स्पर्श’ हा सई परांजपे यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला, आणि ‘तारे’चे लेखन अमोल गुप्ते यांचे, तेव्हा तिन्हींवर हक्क सांगण्यास मंडळींना संकोच वाटला नाही. प्रत्येक खेळानंतर चार शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले. वकिलाला बोलावले म्हणजे बोलणारा माणूस ऐन वेळी सापडला नाही असे होत नाही, अशी एक समजूत असावी.

पहिल्या रविवारी ‘श्वास’ संपला आणि दिवे लागले. बहुतेकांचे डोळे ओलावले होते. आमचेही त्याला अपवाद नव्हते. आम्ही उठून बोलणार, तोच मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, “पण सोमवारपासून तो कुठल्या शाळेत जाणार?” एक-दोघे हसले. इतक्या हळव्या क्षणी शाळेचे काय काढता, असा भाव पुष्कळांच्या चेहऱ्यांवर होता. बाई पुन्हा बोलल्या नाहीत. आम्हांस मात्र त्या कोण हे ठाऊक होते, आणि त्यांच्या प्रश्नाचे एक उत्तर आमच्याकडून दोन वर्षे येणे होते. ते कसे, हे पुढे सांगू. तूर्त एवढेच की त्या प्रश्नाने आमचे भाषण बिघडविले, आणि पुढचे दोन चित्रपट आम्ही वेगळ्या नजरेने पाहिले. प्रस्तुत लेख हा त्या बिघडलेल्या भाषणाचा मजकूर समजावा.

‘श्वास’ची गोष्ट वाचकांस परिचित आहे. कोकणातल्या परशुरामाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढणे भाग आहे. आजोबा त्याला घेऊन शहरातल्या इस्पितळात आले आहेत. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी २००४ साली हा चित्रपट पडद्यावर आणला, आणि ‘श्यामची आई’ नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळाले. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळे याचा परशुराम यांविषयी लिहावे तितके थोडे आहे, आणि पुष्कळ लिहूनही झाले आहे.

आमच्या व्यवसायाच्या नजरेला या चित्रपटातली एक जागा विशेष भावते. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला खरे काय ते कळले पाहिजे, असा डॉक्टर साने यांचा आग्रह आहे. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालकाची सही झाली की कायद्याचे समाधान होते. या चित्रपटाचे होत नाही. ज्याचे डोळे जायचे आहेत त्यालाच ते सांगितले पाहिजे, हा विचार येथे नुसता उच्चारलेला नाही, त्याची अवघड अंमलबजावणी आपल्याला बघावी लागते. सांगायचे कोणी, कोणत्या शब्दांत, आणि सांगून झाल्यावर त्या पोराकडे पाहायचे कसे? आणि मग आजोबा त्याला इस्पितळातून उचलून शहर दाखवायला नेतात. नियमाने पाहता हा अपराध आहे. पण मुलाचा माणूस म्हणून इतका मान मराठी पडद्यावर क्वचितच राखला गेला असेल.

आणि नंतर होडी गावाकडे येते, आणि चित्रपट संपतो.

कलाकृतीला तिच्या शेवटानंतरचे प्रश्न विचारू नयेत, असा एक जुना व योग्य नियम आहे. होडी किनाऱ्याला लागते तेथे थांबण्याचा दिग्दर्शकाला पूर्ण अधिकार होता, आणि तो शेवट भावनेच्या दृष्टीने अचूक आहे. तथापि घरी परतणे हा नुसता भावनेचा शेवट नव्हे. परशुराम शाळेत जाणारा मुलगा आहे. खाडीकाठच्या गावातली शाळा म्हणजे दोन-तीन खोल्या, एक फळा आणि ब्रेल लिपीचे बोटभरही शिक्षण न मिळालेले गुरुजी. दुसरी वाट म्हणजे दूरच्या शहरातले अंधविद्यालय व त्याचे वसतिगृह. तेथे ब्रेल मिळेल, पण आजोबा मिळणार नाहीत. ज्या आजोबा-नातवाच्या गुंफणीवर सारा चित्रपट उभा आहे, ती उसवल्यावाचून मुलाला अक्षर मिळणार नाही, असा हा पेच आहे. जीव वाचविण्याचा पेच डॉक्टरांनी सोडविला; हा दुसरा पेच होडीबरोबर किनाऱ्याला लागला आणि कोणाला दिसला नाही. सभागृहात तो एकट्या त्या बाईंना दिसला.

एकाच चित्रपटाने येथे थांबावे यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती आपल्या साऱ्याच कलेने थोड्याफार फरकाने तेथेच थांबण्याच्या सवयीला. जयवंत दळवी यांनी ‘नातीगोती’ हे नाटक लिहिले. मतिमंद मुलाच्या आईबापांची उलघाल त्यांनी ज्या निर्दयपणे, म्हणजेच ज्या प्रामाणिकपणे मांडली, तिला मराठी रंगभूमीवर जोड नाही. पण ते घराचे नाटक आहे. दिवसा ते मूल कोठे असावे, कोणाबरोबर बसावे, हा प्रश्न त्या घराच्या भिंतींना धडकून परत आतच येतो. घर झाले, इस्पितळ झाले. शाळा पाहायची तर ‘स्पर्श’कडे गेले पाहिजे.

हा चित्रपट आम्ही पूर्वी दोनदा पाहिला होता. या खेपेस तो आम्हांस अधिक थोर वाटला आणि अधिक अडचणीचाही. १९८० च्या सुमारास पुरा झालेला, उत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनय व पटकथा असे तीन राष्ट्रीय मान मिळविलेला हा चित्रपट चित्रगृहांत पोहोचायला १९८४ साल उजाडले. दिल्लीच्या अंधशाळेत त्याचे चित्रण झाले. पडद्यावर दिसणारी बहुतेक मुले त्या शाळेचीच आहेत, आणि मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार हे पात्र तेथल्याच मुख्याध्यापकांवरून बेतलेले आहे. (सई परांजपे या रँग्लर परांजप्यांच्या नात. रँग्लर एके काळी मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. नातीने रंगविलेल्या मुख्याध्यापकाचा ताठ कणा पाहताना आम्हांस त्या आजोबांची आठवण झाली. यात समीक्षा काही नाही, पण झाली खरी.)

अनिरुद्ध अंध आहे आणि त्याला दयेचा तिटकारा आहे. कविता ही तरुण विधवा शाळेत मदतीला येण्याची गोष्ट निघते तेव्हा मुलांविषयी ‘बिचारी’ हा शब्द तिच्या तोंडून निघून जातो आणि तो तिला तेथेच अडवितो. मदत हवी आहे, कीव नको, हा त्याचा दंडक. आलेल्या पाहुणीला तो कॉफी करून देतो, आणि तिने हात पुढे केलेला त्याला खपत नाही. नसीरुद्दीन शाह यांनी हा ताठा असा काही वठविला आहे की प्रेक्षक प्रथम त्याचे कौतुक करतो आणि हळूहळू त्याला भिऊ लागतो. कारण हाच ताठा पुढे प्रेमावर उलटतो. कविता आपल्याशी लग्न करते आहे ती त्यागापोटी, या संशयाने तो लग्न मोडतो. ज्याने कोणाकडून काही घ्यायचे नाही असा पण केला, त्याला प्रेमही घेता येत नाही. हिंदी चित्रपटात अपंग माणसाचा स्वभावदोष दाखविण्याची हिंमत तोवर फार थोड्यांनी केली होती. त्याला दोष असू शकतो हे मान्य करणे म्हणजेच तो पुरा माणूस आहे हे मान्य करणे होय, आणि ‘स्पर्श’चे मोठेपण आम्ही येथे मानतो.

पण शाळेचे काय? पडद्यावरची ती शाळा पाहून मन प्रसन्न होते. मुले खोड्या करतात, भांडतात, गातात, हट्ट धरतात. ज्या जागी सगळेच अंध, तेथे अंधत्व ही नवलाची गोष्ट राहत नाही, आणि मग मुलाचे बाकीचे गुणावगुण दिसू लागतात. खास शाळेच्या बाजूने याहून चांगला पुरावा आमच्या पाहण्यात नाही. मात्र या शाळेच्या फाटकातून कोण आत येते याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आत येते ती कविता. डोळस बाई अंधांच्या जगात पाऊल टाकते, चुकते, सुधारते, हळूहळू त्या जगाची होते, आणि लग्नाचे बोलणे मोडल्यावरही शाळेतले काम सोडीत नाही. आजच्या भाषेत ज्याला समावेश म्हणतात त्याचे इतके सूक्ष्म चित्रण आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही; फक्त समावेश झाला आहे तो डोळस व्यक्तीचा. उलट दिशेचा प्रवास चित्रपटात नाही. शाळेतला एखादा मुलगा त्याच फाटकातून बाहेर पडून रस्त्यापलीकडच्या साध्या शाळेच्या सहावीत जाऊन बसला आहे, शेजारी चाळीस डोळस मुले आहेत, मास्तर पाठमोरे होऊन फळ्यावर गणित मांडीत आहेत, आणि तो गोंधळलेला आहे, असे दृश्य येथे येत नाही. अनिरुद्धचा ताठा आपल्या आवारात टिकतो, कारण तेथे त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. चाळिसांत एकटा असलेल्या मुलाने हा ताठा कोठून आणावा?

हा प्रश्न त्या काळी कोणाला सुचण्यासारखाच नव्हता असेही नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात अपंग मुलांना शक्य तेथे साध्या शाळांत सामावून घ्यावे असे सुचविले होते, आणि १९७४ पासून केंद्र सरकारची तशी योजनाही होती. कागद पुढे गेला होता. कल्पनाशक्ती गेली नव्हती.

तिसऱ्या रविवारी गर्दी सर्वांत जास्त, कारण मुले आली होती. ‘तारे ज़मीन पर’ डिसेंबर २००७ मधला. ईशान अवस्थी या मुलाला अक्षरे नाचताना दिसतात. तिसरीत तो दुसऱ्यांदा नापास होण्याच्या बेतात आहे. घरचे त्याला निवासी शाळेत टाकतात. आणि तेथे निकुंभ नावाचे चित्रकलेचे बदली शिक्षक येऊन त्याचे दुखणे ओळखतात. येथे एकदाची साधी शाळा आली, वर्ग आला, फळा आला. पूर्वार्धात वर्ग ही मुलाला किती भयंकर जागा असू शकते हे ज्या तपशिलाने दाखविले आहे, त्याबद्दल लेखकाला आम्ही मनापासून दाद देतो. वाचनाचे हे दौर्बल्य आळस नव्हे, ही गोष्ट या एका चित्रपटाने जितक्या आईबापांना पटविली तितकी कोणत्याही परिपत्रकाने पटविली नसेल. वकिलासाठी आणखी एक मौज: १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात अपंगत्वे मोजली होती, त्यांत अध्ययनातील विशिष्ट अक्षमता नव्हतीच. म्हणजे ज्या साली सारा देश ईशानसाठी रडला, त्या साली केंद्राच्या त्या कायद्याच्या लेखी ईशान अस्तित्वातच नव्हता. २०१६ च्या कायद्याने ती यादी एकवीसवर नेली, तेव्हा त्याला जागा मिळाली. येथे कल्पनाशक्ती कायद्याच्या पुढे धावली, हे कबूल केले पाहिजे.

उत्तरार्धाविषयी मात्र आमची तक्रार आहे. निकुंभ मुख्याध्यापकांकडून सवलत मागून घेतात: शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा, तोंडी विचारा. मग ते स्वतः ईशानला वेगळे शिकवतात. वाळूत, मातीत, रंगांत अक्षरे गिरवून घेतात. गाणे सुरू होते, आणि गाणे संपते तेव्हा मुलगा वाचू लागलेला असतो. ज्यांनी अशा मुलाबरोबर एक पान वाचायला एक महिना घालविला आहे, त्यांनी त्या गाण्याकडे पाहून काय म्हणावे? शिवाय हे सारे एका माणसाने केले. तो माणूस बदलीवर आलेला आहे, त्याला लहानपणी हेच दुखणे होते, आणि तो उद्या जाणार आहे. हिंदीच्या व गणिताच्या मास्तरांनी आपल्या तासाला काय बदलले, हे चित्रपट विचारीत नाही. शेवटी चित्रकलेची स्पर्धा होते, परीक्षक म्हणून ललिता लाजमी स्वतः येतात (कोंकणी घरातल्या या चित्रकर्तीला पडद्यावर पाहून आमच्या या पत्रिकेच्या वाचकांस निराळाच आनंद झाला असेल), आणि ईशान पहिला येतो. म्हणजे मुलगा वर्गात बसण्यास पात्र ठरला तो असामान्य चित्रकार निघाल्यामुळे. ज्याला वाचता येत नाही आणि चित्रेही बेताचीच काढता येतात, त्याने काय करावे?

या चित्रपटात एक मुलगा असा आहे की ज्याच्याकडे आम्ही तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा प्रथमच नीट पाहिले. तो राजन दामोदरन. कुबड्या घेऊन चालणारा, वर्गात हुशार, ईशानचा बाकावरचा सोबती. ईशान कवितेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो, मास्तरांना तो रुचत नाही, आणि अर्थ बरोबर होता हे ओळखणारा एकटा राजन असतो. म्हणजे साध्या शाळेत, साध्या वर्गात, इतरांबरोबर शिकणारा एक अपंग मुलगा या चित्रपटात पहिल्यापासून बसलेला आहे! ज्या गोष्टीच्या शोधात आम्ही तीन रविवार घालविले ती गोष्ट घडते आहे, आणि चित्रपटाचे तिकडे लक्ष नाही. राजन जिने कसे चढतो, खेळाच्या तासाला काय करतो, कुबडी बाकाला टेकवून ठेवली आणि घसरून पडली तर कोण उचलून देते, हे विचारावेसे कोणालाही वाटलेले नाही. त्याचे काम नायकाला धीर देणे.

आता त्या बाईंच्या मुलाकडे येतो.

हा मुलगा अंध नाही. त्याला फार अंधुक दिसते. जवळचे मोठे अक्षर तो वाचतो, फळा त्याला पुसट पांढऱ्या रेघांचा दिसतो. साकेतनगरच्या अंगालाच ‘एम्स’चे मोठे रुग्णालय असल्यामुळे तपासण्या व कागदपत्रे यांस तोटा नव्हता. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका शाळेने त्याला पाचवीत प्रवेश नाकारला; ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, खास शाळेत घाला’ असे तोंडी सांगितले. बाई आमच्याकडे आल्या. “वकीलसाहेब, तुम्ही काही करू शकाल का?” आम्ही करू शकत होतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आमच्या टेबलावर होता, आणि आम्हांस तो तोंडपाठ होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या कायद्याचे एक वाक्य समीक्षकाच्या नजरेने वाचण्याजोगे आहे. १९९५ चा कायदा म्हणत होता की सरकारने अपंग विद्यार्थ्यांना सर्वसाधारण शाळांत मिसळून घेण्याचा प्रयत्न करावा. हलायचे ते मुलाने. शाळा जेथे आहे तेथेच. २०१६ च्या कायद्यात समावेशक शिक्षणाची जी व्याख्या आहे, तिचा आशय असा की अपंग व इतर मुले एकत्र शिकतील आणि शिकविण्या-शिकण्याची रीत निरनिराळ्या अपंग विद्यार्थ्यांच्या गरजांप्रमाणे बदलली जाईल. येथे हलायचे आहे ते शाळेने. क्रियापदाचा कर्ता बदलला. कलम १६ मध्ये मान्यताप्राप्त शाळांची कर्तव्ये आठ पोटकलमांत सांगितली आहेत: भेदभावाविना प्रवेश, इमारत वावरण्याजोगी करणे, गरजेनुसार वाजवी सोय, व्यक्तिगत साहाय्य, अंध वा बधिर मुलाला योग्य त्या भाषेत व साधनाने शिक्षण, अध्ययनातील अक्षमता लवकर ओळखणे, प्रगतीवर लक्ष ठेवणे, आणि येण्याजाण्याची सोय. कलम ३१ म्हणते की सहा ते अठरा वर्षांच्या, ठरीव प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिक्षण मिळेल. कोठे जायचे हे मुलाने व त्याच्या घरच्यांनी ठरवायचे, शाळेने नव्हे.

आम्ही चार पानांची नोटीस लिहिली. चांगली लिहिली. शाळेने पंधरा दिवसांत प्रवेश दिला. बाईंनी पेढे आणले. प्रकरण आम्ही निकाली काढले आणि फडताळात ठेवले.

वर्षभराने बाईंनी मुलाला त्या शाळेतून काढले. कोणी त्याला मारले नाही, कोणी टोचून बोलले नाही. त्याला मागच्या बाकावर बसविले होते, कारण तो उंच होता. शिक्षिका फळ्यावर लिहीत आणि मुले उतरवून घेत. त्याची वही कोरी राही. संध्याकाळी आई दुसऱ्या मुलाची वही मागून आणी, आणि रात्री अकरापर्यंत त्याला वाचून दाखवी. सहा महिन्यांनी त्या मुलाच्या घरून वही देण्याची कुरकूर सुरू झाली. प्रश्नपत्रिका बारीक टायपात येई. तो पेपर अर्धवट सोडी. “त्याला फार काही नको होतं,” बाई आम्हांस म्हणाल्या. “मॅडमनी फळ्यावर लिहिताना तेच मोठ्यानं वाचलं असतं तरी चाललं असतं.”

आमच्या चार पानांत सगळी कलमे होती. हे वाक्य नव्हते. आम्ही ते मागितले नाही, कारण आम्हांस ते सुचले नाही, आणि सुचले नाही कारण वर्गात असा मुलगा बसल्यावर दहा वाजून पाच मिनिटांनी काय होते याचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे नव्हतेच. घराचे चित्र होते, इस्पितळाचे होते, अंधशाळेचे होते, तारणहार मास्तरांचे होते. ही चित्रे आम्हांस कोणी दिली हे वर सांगितलेच आहे. त्या चित्रपटांवर खापर फोडण्याचा आमचा हेतू नाही. आमची नोटीसही ‘श्वास’मधल्या होडीसारखी किनाऱ्याला लागून थांबली, इतकेच.

कोणी म्हणेल, ही विशेष शिक्षकांच्या तुटवड्याची गोष्ट आहे, चित्रपटांची नव्हे. तुटवडा खराच. सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे यांच्या खटल्यात २०२१ साली प्राथमिक वर्गांत दहा अपंग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना त्याप्रमाणे पदे निर्माण करण्यास पुन्हा बजावावे लागले. एका निकालाची आठवण दुसऱ्या आदेशाने द्यावी लागते यातच सारे आले. परंतु फळ्यावरचे मोठ्याने वाचण्यास विशेष शिक्षक लागत नाही. हवी असते ती आपल्या वर्गात हा मुलगा आहे याची जाणीव. आणि अशी जाणीव घडविण्याचे काम तर गोष्टी, नाटके, चित्रपट यांचेच नव्हे काय?

खास शाळा बंद कराव्यात असे आम्ही म्हणतो आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. आम्ही राहतो त्या शहरात तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ‘स्पर्श’ चित्रगृहांत आला त्याच १९८४ सालच्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. त्यानंतर वर्षानुवर्षे उत्तर भोपाळच्या वस्त्यांत जन्मजात व्यंगे घेऊन मुले येत राहिली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघींना २००४ साली गोल्डमन पुरस्कार मिळाला, त्या रकमेतून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला, आणि या मुलांसाठी व्यायामोपचार, वाचोपचार व विशेष शिक्षण यांची सोय केली. ज्या मुलांना कोणतीही शाळा दारात उभी करीत नव्हती त्यांना तेथे बसायला जागा मिळाली. बधिर मुलाच्या बाबतीत तर खुणांची भाषा बोलणारे सवंगडी हीच शाळा. चाळीस बोलक्या मुलांत त्याला एकटे बसविण्याला समावेश म्हणणे ही थट्टा होईल.

पण खास शाळा उभारणाऱ्यांपैकीच काहींना तिचे फाटक पुरेनासे झाले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मिठू अलूर यांनी आपल्या मुलीपायी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली आणि अशा मुलांसाठी वेगळी शाळा काढली. पुढे नव्वदीचे दशक सरता सरता याच संस्थेने सर्व मुलांना एकत्र शिकविण्याचा पक्ष घेतला. त्यांची मुलगी मालिनी चिब झेवियर्स महाविद्यालयात शिकली आणि २०१० मध्ये तिचे ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन निघाले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी मराठीत ‘चाकाची खुर्ची’ लिहिले, आणि त्यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने अपंग व इतर मुले एकत्र शिकतील अशी शाळा चालविली. जिना, बाक, स्वच्छतागृह, मैत्रिणीची वाट पाहणे, यांचा हिशेब अशा आत्मकथनांतूनच हाती लागतो. तो मांडला आहे तो त्या पायऱ्यांपाशी स्वतः थांबलेल्यांनी. कथा-कादंबरीकारांनी व पटकथाकारांनी तो अजून आपला मानलेला नाही. गोव्याच्या वाचकांस जानेवारी २०२३ मधला पणजीचा ‘पर्पल फेस्ट’ आठवत असेल. समावेशाच्या नावाने सारे शहर सजले होते. त्या उत्साहाबद्दल आम्हांस आदर आहे. उत्सव चार दिवसांचा असतो आणि शाळेचे वर्ष दोनशेहून अधिक दिवसांचे, एवढीच आमची नोंद.

त्या बाईंचा मुलगा आता दुसऱ्या शाळेत सातवीत आहे. या खेपेस आम्ही नोटीस लिहिली नाही. बाईंबरोबर जाऊन वर्गशिक्षिकेला भेटलो आणि एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या: पहिला बाक, प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात, फळ्यावरचे मोठ्याने वाचणे. शिक्षिका पहिल्यांदा म्हणाल्या की तसे वाचत बसले तर भाग संपणार नाही. महिन्याभराने त्यांनी बाईंना सांगितले की मागच्या बाकावरची इतर पाच-सहा मुलेही आता वही पुरी करू लागली आहेत. भूगोलाच्या नकाशाचे काय करायचे हे मात्र त्यांना अजून सुचलेले नाही, आणि आम्हांसही नाही.

मंडळी यंदाही तीन रविवार चित्रपट दाखविणार आहेत. बाईंच्या मुलाला घेऊन पाहता येईल असा, ज्यात अशा मुलाचा वर्गातला एखादा साधा मंगळवार आहे असा चित्रपट सुचवा, म्हणून आम्हांस सांगितले आहे. यादी द्यायला पंधरवडा आहे. आम्ही अजून नाव कळविलेले नाही.